भूतानशी मैत्री: पैसा कुणाचा, जोखीम कुणाची?

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करते आहे. तिने मला तीन प्रश्न पाठवले. भारत भूतानला हजारो कोटी रुपये देतो, हे दान आहे की व्यवहार? त्यातून आपल्याला मिळतं काय? आणि दोन देशांत एवढी दोस्ती आहे, तर भूतानमधला पुनात्सांगछू-१ सारखा जलविद्युत प्रकल्प इतकी वर्षं का रखडतो? मी जलविद्युत प्रकल्पांच्या वित्त व लेखा विभागात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली नऊ भूतानमध्ये. तिला लिहिलेलं उत्तर इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देतो आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हे दान नाही आणि बाजारातला व्यवहारही नाही. ही भागीदारी आहे, आणि दोन्ही भागीदार सारख्या ताकदीचे नाहीत. अशा भागीदारीचा करार हातात आला की मी उद्घाटनाची भाषणं बाजूला ठेवतो आणि एकच गोष्ट शोधतो: उद्या काही बिघडलं, खर्च वाढला, डोंगर खचला, तर तो बोजा कुणाच्या खात्यात पडणार? भूतानशी आपला संबंध साठ वर्षं टिकला, कारण सुरुवातीच्या करारांत या प्रश्नाचं उत्तर ‘जो मोठा आहे त्याच्या’ असं होतं. पुढे हे उत्तर थोडं थोडं बदलत गेलं, आणि तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचा बराचसा भाग त्या बदलात आहे.

थोडा इतिहास. १९४९ च्या मैत्री करारात भारताने भूतानला वर्षाला पाच लाख रुपये द्यायचं ठरलं होतं. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून पारोला जायला मोटाररस्ताच नव्हता. सिक्कीममधून नाथू ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी असा तो प्रवास झाला. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ मध्ये सुरू झाली. ती सुमारे साडेसतरा कोटींची होती आणि पैसा सगळा भारताचा. त्याच वर्षी सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला आणि फुंत्शोलिंग ते थिंफू रस्त्याचं काम जोरात लागलं. ज्या वाटेला खेचरांवरून पाच-सहा दिवस लागत, ती एका दिवसावर आली. मी तिथे असताना त्या रस्त्याच्या वळणावळणांवर दंतकच्या कामात मेलेल्या मजुरांची स्मारकं पाहिली आहेत. मदतीचे आकडे वाचताना मला ती आठवतात.

आता चुखा. माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायला हा एक प्रकल्प पुरेसा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

वांगछू नदीवर ३३६ मेगावॅटचा प्रकल्प बांधायचा करार १९७४ मध्ये झाला. शेवटचा संच १९८८ मध्ये चालू झाला. खर्चाचा साठ टक्के भाग अनुदान, चाळीस टक्के कर्ज, कर्जावर पाच टक्के व्याज, परतफेड पंधरा वर्षांत. प्रकल्प बांधणार भारत, मालक भूतान. भूतानला लागेल ती वीज भूतानने आधी वापरायची, उरलेली सगळी भारताने विकत घ्यायची. हे शेवटचं कलम वाचताना साधं वाटतं, पण हिशेबाच्या दृष्टीने करारातलं सगळ्यात मोठं कलम तेच आहे. वीज प्रकल्पात दोन भीती असतात. एक, बांधायला ठरल्यापेक्षा जास्त खर्च येईल. दुसरी, बांधून झाल्यावर वीज घ्यायला कुणी नसेल. चुखाच्या करारात दोन्ही भीती भारताने आपल्याकडे घेतल्या. ज्या देशाकडे तेव्हा स्वतःचे जेमतेम काही इंजिनिअर होते, त्या देशाच्या हातात पंधरा-वीस वर्षांनी कर्जमुक्त वीजघर आलं. त्या विजेच्या उत्पन्नातून त्यांच्या शाळा आणि दवाखाने चालले.

आपल्या बाजूने पाहिलं तर पूर्व भारताला वर्षानुवर्षं स्वस्त वीज मिळाली. सुरुवातीचा दर पैशांत होता, रुपयांत नव्हता. भूतानमध्ये आजही काही लोक म्हणतात की तो दर फार कमी होता, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण दर पुन्हा पुन्हा वाढवून घेण्याची वाट करारात मोकळी होती, आणि भूतानने ती वापरली. मित्राशी घासाघीस करायची सोय असली म्हणजे मैत्री कमी होत नाही.

प्रकल्प चालवायची पद्धतही समजून घे. प्रत्येक प्रकल्पासाठी दोन्ही सरकारांचं मिळून एक प्राधिकरण असायचं. अध्यक्ष भूतानचे मंत्री, व्यवस्थापकीय संचालक बहुधा भारतीय, सदस्य दोन्हीकडचे. ठेकेदार मुख्यतः भारतीय. तांत्रिक सल्ला आपल्या केंद्रीय संस्थांचा. मोठा निर्णय एका बाजूला एकट्याने घेता येत नसे. त्यामुळे काम संथ व्हायचं. पण त्यामुळेच आमच्याकडे एकदा बिघडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या माथी मारता येत नसे. दोघांच्याही सह्या होत्या.

एक प्रसंग सांगतो. जानेवारी होता. धरणाच्या जागेपाशी आमचं पत्र्याचं कार्यालय, मध्ये बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटलेली, खिडकीच्या काचांवर आतून दव. दिल्लीतल्या एका कार्यालयाने आमचं उपयोगिता प्रमाणपत्र परत पाठवलं होतं. आधीच्या हप्त्याचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाला असं लिहून देणारं हे प्रमाणपत्र. ते मंजूर झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. आक्षेप काय, तर एका रकान्यात अनुदान आणि कर्ज वेगवेगळं दाखवलं नव्हतं. दुरुस्ती अर्ध्या तासाची. पण कागद जाऊन यायला आणि पुन्हा साखळीतून फिरायला जवळजवळ दीड महिना गेला. ठेकेदाराची बिलं थकली. त्याने बोगद्यावरच्या दोन पाळ्या एकवर आणल्या.

माझ्या समोरच्या टेबलावर भूतानचा एक तरुण लेखाधिकारी बसायचा. पुढे हा प्रकल्प त्याच्या देशाच्या महामंडळाकडे जाणार होता. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. त्यात तो रोज संध्याकाळी एक आकडा लिहायचा. मी विचारलं, तर त्याने वही माझ्याकडे सरकवली. तोवर उचललेल्या कर्जावर एका दिवसाचं व्याज किती होतं, तेवढंच त्यात होतं. म्हणाला, ‘सर ला, तुमच्याकडे हा उशीर आहे. आमच्याकडे हे बिल आहे.’ तिथे आदराने बोलताना वाक्यात ‘ला’ लावतात, त्याच आदराने तो बोलला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक टिपणीच्या तळाशी उशिराचा रुपयांतला खर्च लिहायला लागलो. काही वरिष्ठांना ते आवडलं नाही, पण त्या टिपण्या लवकर सुटायच्या.

आता अनुदान आणि कर्ज यांच्या प्रमाणाकडे बघ. चुखा साठ-चाळीस. त्याच्याच खाली, त्याचंच पाणी पुन्हा वापरणारा ताला १०२० मेगावॅटचा. तोही साठ-चाळीस, पण कर्जावर व्याज नऊ टक्के. तो २००६-०७ मध्ये चालू झाला. पुनात्सांगछू-१ मध्ये अनुदान चाळीस टक्के आणि कर्ज साठ. मांगदेछूमध्ये अनुदान तीस, कर्ज सत्तर, व्याज दहा टक्के. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत अनुदानाचा वाटा निम्म्यावर आला आणि व्याज दुप्पट झालं. याला कारणं आहेत. प्रकल्प मोठे झाले, भूतानची कमाई वाढली, आणि वीज विक्रीचा दर खर्चावर आधारित ठरवायचा असं धोरण आलं. मांगदेछूच्या विजेचा सुरुवातीचा दर युनिटला ४ रुपये १२ पैसे ठरला, तर तालाच्या विजेचा सुरुवातीचा दर १ रुपया ८० पैसे होता. कागदावर सगळं जुळतं: कर्ज जास्त, म्हणून दर जास्त, म्हणून परतफेड होते.

फक्त हे गणित काम वेळेवर संपलं तरच जुळतं. १००० कोटी कर्ज दहा टक्क्यांनी उचललं आणि काम पाच वर्षं लांबलं, तर चक्रवाढीने ते १६१० कोटी होतं. एक पोतं सिमेंट जास्त न वापरता. वाढलेला खर्च दरात घालायचा तर वीज महाग होते आणि घेणारा नाराज होतो. दरात न घालावा तर भूतानच्या तिजोरीला खड्डा. साठ टक्के अनुदान होतं तेव्हा उशिराचा मार मुख्यतः आपल्याला बसायचा. सत्तर टक्के कर्ज झालं तेव्हा तो छोट्या भागीदाराकडे सरकला. उशीर मात्र बहुतेक वेळा छोट्या भागीदारामुळे होत नाही. मला यातली विसंगती नोकरीत असतानाही बोचायची आणि आजही बोचते.

पुनात्सांगछू-१ इथेच अडकला. १२०० मेगावॅटचा हा प्रकल्प वांगदू फोड्रांग जिल्ह्यात, काम २००८ च्या सुमारास सुरू झालं. सुरुवातीचा अंदाज सुमारे साडेतीन हजार कोटींचा. जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजवा काठ सरकायला लागला. हिमालय तरुण डोंगर आहे, त्याच्या पोटात काय आहे हे वरून भोकं पाडून पूर्ण कळत नाही. डोंगर स्थिर करायला वर्षं गेली, खर्च नऊ हजार कोटींच्या वर गेला. मग वाद सुरू झाला: त्याच जागी धरण बांधायचं की वरच्या अंगाला बंधारा घालून काम भागवायचं? दोन्ही देशांच्या तज्ज्ञांची मतं जुळेनात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य धरणाचं काम पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्याच वेळी खालच्या अंगाच्या १०२० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-२ चं उद्घाटन झालं.

तर तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: डोंगर खचला. पण डोंगर खचल्यावर इतकी वर्षं का, तर घाईने. २००९ मध्ये दोन्ही सरकारांनी २०२० पर्यंत भूतानमध्ये १०,००० मेगावॅट उभे करायचं ठरवलं होतं. भूतानची तेव्हाची सगळी क्षमता दीड हजार मेगावॅटच्या आसपास होती. एवढं मोठं लक्ष्य समोर ठेवलं की भूगर्भाच्या तपासणीला लागणारी दोन-तीन वर्षं कुणाला परवडत नाहीत. तपासणीवर वाचवलेला एक रुपया बांधकामात कितीतरी पटींनी जातो, हे आमच्या क्षेत्रातला कनिष्ठ इंजिनिअरही सांगेल. लक्ष्य हुकलं ते हुकलंच. पण त्या घाईत काढलेलं कर्ज राहिलं.

वीज सोडून बाकीची मदत लोकांना फारशी दिसत नाही. भूतानच्या प्रत्येक पंचवार्षिक योजनेला भारत एक रक्कम जाहीर करतो. २०१८ ते २०२३ च्या बाराव्या योजनेला ४,५०० कोटी होते, २०२४ ते २०२९ च्या तेराव्या योजनेला १०,००० कोटी. त्यातला काही पैसा ठरावीक मोठ्या कामांसाठी येतो. थिंफूचं दीडशे खाटांचं माता-बाल रुग्णालय त्यातलंच. काही सरळ त्यांच्या अर्थसंकल्पाला जातो. आणि काही गावपातळीवरच्या छोट्या कामांना: पाण्याची लाईन, शेतरस्ता, पाटाचं पाणी.

मला विचारशील तर रुपयामागे सगळ्यात जास्त काम या शेवटच्या भागात होतं. आमच्या वसाहतीपासून तीन तासांवरच्या एका गावात अशा योजनेतून नळाची लाईन आली होती, ती बघायला मी गेलो होतो. तिथल्या गुपने, म्हणजे पंचायतीच्या प्रमुखाने, एक रजिस्टर पुढे केलं. कुठल्या घराने किती दिवस खणायला माणूस दिला, कुणी पाईप खांद्यावरून वर नेले, हे नावानिशी. पैसा आपला, मजुरी त्यांची. एका म्हातारीने नळ उघडून दाखवला, लगेच घट्ट बंद केला आणि तोटीला फडकं गुंडाळलं, रात्री पाणी गोठून ती फुटू नये म्हणून. ज्या कामात गावाचा घाम असतो त्याची निगा गाव ठेवतं. हजार कोटींच्या बोगद्यात ही भावना आणता येत नाही.

आता दुसरा प्रश्न, आपल्याला काय मिळतं. वीज मिळते, आणि पावसाळ्यात ती भरपूर मिळते. (हिवाळ्यात नद्या आटतात आणि भूतानच भारताकडून वीज घेतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) पण विजेच्या हिशेबाने हा संबंध मोजू नकोस. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने भूतानच्याच जंगलात लपलेल्या उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या सशस्त्र फुटीरतावादी संघटनांच्या छावण्यांवर कारवाई केली. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः त्या मोहिमेत उतरले होते. सैन्य लहान, आसामच्या सीमेवरच्या गावांना सूडाची भीती, तरीही त्यांनी ते केलं. २००७ मध्ये करार नव्याने झाला. परराष्ट्र धोरणात भूतानने भारताचा सल्ला घ्यायचा, हे जुनं कलम गेलं. त्या जागी, एकमेकांच्या सुरक्षेला बाधेल असा आपल्या भूमीचा वापर कुणालाही करू द्यायचा नाही, असं दोघांनी लिहिलं. एका बाजूचं बंधन दोन्ही बाजूंचं झालं. मला तो आपल्या परराष्ट्र व्यवहारातला फार शहाणा बदल वाटतो. दहा वर्षांनी डोकलाममध्ये, भूतान आपला म्हणतो त्या पठारावर भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर आलं, तेव्हा त्या कलमाचं वजन कळलं.

चुका आपल्याकडूनही झाल्या, त्या झाकू नयेत. भूतानचं चलन नुल्ट्रम रुपयाशी एकास एक जोडलेलं आहे. २०१२ मध्ये तिथे रुपयांचाच तुटवडा पडला. आयात आणि बँकांची कर्जं फुगली होती आणि बहुतेक सामान भारतातून, रुपयांत यायचं. त्यांना डॉलर विकून रुपये घ्यावे लागले, गाड्यांची आयात थांबवावी लागली. त्यातून सावरतात न सावरतात तोच जुलै २०१३ मध्ये, त्यांच्या निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, आपण स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यावरची सवलत थांबवली. योजनेची मुदत संपली हे तांत्रिक कारण खरं होतं, आणि पुढे ऑगस्टमध्ये सवलत परत सुरूही झाली. पण गॅसच्या रांगेत उभ्या बाईला मुदतीचं कलम कुणी समजावलं नाही. मित्रदेशाच्या निवडणुकीच्या आठवड्यात चुलीला हात लावू नये, एवढं भान दिल्लीत कुणी ठेवलं असतं तर पुढची कितीतरी वर्षं त्याची आठवण निघाली नसती.

भूतानमधल्या लोकांची आणखी एक तक्रार मी अनेकदा ऐकली: वीजघरं आली, नोकऱ्या आल्या नाहीत. बांधताना मजूर भारतातून येतात, बांधून झाल्यावर वीजघर चालवायला माणसं थोडी लागतात. तिथले शिकलेले तरुण आता ऑस्ट्रेलियाला जातात. नद्यांचं म्हणणंही आहे. पुनात्सांगछूच्या काठावर पांढऱ्या पोटाचा बगळा राहतो, जगात मोजकेच उरलेला. साठ टक्के भूमी जंगलाखाली राहील असं घटनेत लिहून ठेवणाऱ्या देशाला हे प्रश्न आपण शिकवायची गरज नाही. आपण फक्त ऐकून घ्यायचं असतं, आणि आराखड्यात त्याला जागा करून द्यायची असते.

भूतान डिसेंबर २०२३ मध्ये अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. आता तो भागीदारही निवडतो. ६०० मेगावॅटच्या खोर्लोछू प्रकल्पात टाटा पॉवरचा चाळीस टक्के हिस्सा आहे, बाकीचा भूतानच्या ड्रुक ग्रीन महामंडळाचा. भारत सरकारने ऊर्जा प्रकल्पांसाठी ४,००० कोटींची पतमर्यादा, म्हणजे त्या रकमेपर्यंत कर्ज उचलायची सोय, दिली आहे. आसाममधलं कोक्राझार ते भूतानमधलं गेलेफू असा ६९ किलोमीटरचा रेल्वेमार्ग ठरला आहे.

तुझ्या प्रबंधासाठी एक काम सुचवतो. चुखापासून आजपर्यंतचे करार घे आणि प्रत्येकासाठी चार रकाने कर: अनुदान किती, व्याज किती, वीज घ्यायची हमी कुणाची, आणि खर्च वाढला तर तो कुणी सोसायचा. पहिले तीन रकाने दोन दिवसांत भरतील. चौथा भरायला तुला मंत्रालयाच्या निवेदनांच्या पलीकडे जावं लागेल: संसदेतली उत्तरं, महालेखापालांचे अहवाल, भूतानच्या ‘क्वेन्सेल’ वर्तमानपत्राचे जुने अंक. पुनात्सांगछू-१ चा चौथा रकाना तर धरणावर पुन्हा काँक्रीट पडायच्या आत भरून घे. काम एकदा जोरात सुरू झालं की तो प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोच प्रश्न थिंफूमध्ये कुणीतरी रोज संध्याकाळी एखाद्या वहीत लिहून ठेवत असणार.